तिसरी हद्दफेरी

१

सोमवारी सकाळी मक्याची भाकरी आणि खारवलेल्या डुकराचा तुकडा पोटात गेला की ड्रूरी हॅस्किन्स आपला एकुलता एक बरा कोट अंगात चढवायचा, आतल्या खिशातलं मुखत्यारपत्र चाचपायचा आणि दोन मैलांवरच्या टर्पिनांच्या मळ्याकडे चालू लागायचा. दोन वर्षं चार महिने हा नेम चुकला नव्हता. माणसांना स्वतःचं घर धड सांभाळता येत नाही. हा गडी दुसऱ्याचं सांभाळत होता आणि तेही चोख. स्वतःच्या छपरातून पाणी ठिबकत होतं, ते मात्र 'बघू पुढच्या आठवड्यात' यावर राहिलं होतं.

अँब्रोझ टर्पिन त्याचा लहानपणापासूनचा मित्र. व्हर्जिनियातली ही माती तंबाखूनं चोखून चोथा केलेली, म्हणून अँब्रोझ डोंगरापलीकडे नवी जमीन बघायला गेला होता. जायच्या आधी कचेरीत जाऊन त्यानं ड्रूरीला मुखत्यार नेमलं. कारकुनानं कागदावर कचेरीच्या भाषेत लिहिलं होतं: 'माझ्या नावाने, माझ्या जागी, आणि मी स्वतः हजर असल्याप्रमाणे.' ते ऐकून अँब्रोझ मोठ्यानं हसला होता. "म्हणजे आता तूच मी! फक्त माझे बूट घालू नकोस, एवढंच."

बूट सोडून ड्रूरीनं बाकी सगळं केलं. तंबाखूची रोपं कधी लावायची, कुंपणाचे कुठले खांब बदलायचे, आजारी गाय ठेवायची की कापायची, हे तो ठरवायचा. अँब्रोझच्या आठ वर्षांच्या केझायाला बाराखडी शिकवायचा. अँब्रोझची बायको टॅबिथा त्याच्यासमोर ताट ठेवून "बसा, ड्रूरीभाऊ" म्हणायची. एवढं ऐकायलाच तो जातो, असं गावात बोललं जाई, आणि गाव अगदीच चुकीचं बोलत नव्हतं. त्याला त्या घरात बरं वाटायचं. दुसऱ्या कुठल्याच घरात त्याला तसं वाटलं नव्हतं.

आणि आता मार्चमध्ये हद्दफेरी येऊन ठेपली होती. दर चार वर्षांनी चर्चचे दोन पंच यायचे, दोन्हीकडचे शेजारी जमायचे, सगळे मिळून जमिनीच्या हद्दीनं चालायचे आणि हद्दीवरच्या झाडांच्या खुणा कुऱ्हाडीनं ताज्या करायचे. हरकतीवाचून तीन फेऱ्या झाल्या की ती हद्द कायमची. मग खुद्द राजा समुद्र ओलांडून आला तरी ती हलत नाही. टर्पिनांची पहिली फेरी अँब्रोझच्या बापानं केली, दुसरी अँब्रोझनं. ही तिसरी. शेजारचा स्टर्लिंग पेग्रम आठ वर्षं या दिवसाकडे डोळे लावून होता, कारण गोड्या पाण्याचा झरा आणि त्याभोवतीची काळी जमीन हद्दीच्या तीसच पावलं आत होती. तेवढं गेलं की टर्पिनांकडे पाइनची झाडं आणि दगड तेवढे उरणार होते.

मुखत्यारानं फेरी केली तरी चालते. अट एकच. ज्याचा मुखत्यार, तो जिवंत हवा. माणूस मेला की त्याच क्षणी मुखत्यारपत्र मरतं, आणि विधवेला फेरी करता येत नाही.

ड्रूरीच्या आतल्या खिशात त्या कागदाला चिकटून दुसरा एक कागद जानेवारीपासून होता. कातडी विकणाऱ्या एका वाटसरूनं तो त्याच्या हातात दिला होता. अँब्रोझच्या सोबत्याचं पत्र. ऑक्टोबरात झाड तोडताना खोड उलटं फिरलं आणि अँब्रोझच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसलं. तिथेच नदीकाठी पुरला.

ड्रूरी रस्त्याच्या कडेला बसून मित्रासाठी रडला. मग त्यानं पत्राची घडी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई विधवा आहे हे तिला दीड महिना उशिरा कळलं, तर त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? फेरी झाली की दुसऱ्या दिवशी सांगायचं, असं त्यानं ठरवलं. मनात त्याला ते पुण्याचं काम वाटलं.

२

फेरीला बारा दिवस होते तेव्हा ड्रूरी एकटाच हद्द बघून यायला निघाला. ऐन वेळी पंचांपुढे झाड सापडलं नाही म्हणजे शोभा व्हायची.

हद्द रस्त्याकडच्या हिकरीपासून सुरू होते. त्या झाडावर आठ वर्षांपूर्वीची खूण होती आणि चार वर्षांपूर्वीचीही. झाडाची साल कुऱ्हाडीनं छिलली की ती जागा तशीच राहत नाही. साल कडांनी हळूहळू आत वळत येते आणि जखम झाकू लागते. जुनी खूण जवळजवळ मिटली होती, नवी अर्धी.

त्यांच्या खाली तिसरी होती. पांढरी, ओली, आज सकाळची.

'पेग्रम,' तो मनात म्हणाला. खोटी हद्द आखून ठेवायची आणि त्या दिवशी पंचांना तीच दाखवायची, हे पेग्रमला शोभलं असतं. पण खूण बरोबर झाडावर होती. पुढचं झाडही बरोबर होतं. ओढ्याकाठच्या गमच्या झाडापर्यंत एकही झाड चुकलेलं नव्हतं. टर्पिनांच्या बाजूनं, एक पाऊलही इकडेतिकडे नाही. चोर आपल्या घरात येऊन झाडलोट करून जातो का?

त्यानं वाकून एक खूण नीट बघितली. घाव खालून वर डावीकडे गेला होता. उजव्या हातानं कुऱ्हाड चालवणाऱ्याचा घाव तसा पडत नाही. या पंचक्रोशीत डावखुरा कुऱ्हाडवाला एकच होता, अँब्रोझ.

ड्रूरीनं स्वतःला समजावलं की डोंगरापलीकडून कुणी पाव्हणा पेग्रमकडे आला असेल, डावखुरी माणसं काय जगात थोडी आहेत. मग तो झाडाच्या बुंध्याशी बघायला लागला आणि ते समजावणं जागीच राहिलं. एवढी मोठी खूण पाडली तर खाली ओंजळभर ढलप्या पडायला हव्यात. जमिनीवर गेल्या वर्षीची पानं होती, कोरडी आणि न विस्कटलेली. एकही ढलपी नव्हती. त्यानं मागे जाऊन सगळी झाडं पुन्हा बघितली. कुठेच नव्हती.

३

"केझाया, पुन्हा आणल्यास?" टॅबिथा झाडू टेकवून म्हणाली. "लाकूडफाटा चुलीपाशी आणायचा असतो बाई, पलंगाखाली नाही."

सोमवार होता. ड्रूरी टेबलाशी बसून सूप पीत होता. झाडूपुढे पांढऱ्या ढलप्यांचा छोटा ढीग होता.

"मी नाही आणत," केझाया पाटीवरची मान वर न करता म्हणाली. "त्या पडतात."

"वरून पडतात? आभाळातून?"

"नाही. इथेच पडतात."

"ऐका, ड्रूरीभाऊ! बापावर गेलीय. तोही असाच तोंड वर करून बोलायचा." टॅबिथा हसली, पण ढलप्या टोपलीत भरताना तिनं एक उचलून नाकाशी नेली. "ओक आहे. ओला. आमच्या घरात तर एक फळी ओकची नाही. आधी उंबऱ्यात सापडायच्या, गुरुवारपासून पलंगाखाली."

ड्रूरीनं चमचा खाली ठेवला. एवढ्यात बाहेरून आवाज आला. झऱ्याच्या बाजूनं. ठक्, ठक्. मग एक दम घेण्याएवढी जागा. मग ठक्.

टॅबिथाचा हात टोपलीवर तसाच राहिला. बाहेर स्वच्छ ऊन होतं, कोंबड्या अंगणात माती उकरत होत्या. पुन्हा दोन घाव, जागा, एक घाव.

"पेग्रमकडचं कुणीतरी असेल," ड्रूरी म्हणाला.

"असेल." ती दाराकडे वळली. "अँब्रोझ असंच करायचा. दोन मारायचे, थुंकायचं, मग तिसरा. मी म्हणायची, अहो थुंकण्यावाचून झाड पडत नाही का?" तिनं एप्रनला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "ड्रूरीभाऊ, एक विचारू? तुम्हाला काही बातमी आली असती तर तुम्ही मला सांगितली असती ना?"

खिशातलं पत्र छातीला टोचलं, असं त्याला वाटलं. कागद टोचत नाही, हे त्याला माहीत होतं.

"सांगितली असती म्हणजे काय. नक्की सांगितली असती," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि तिनं त्याला आणखी सूप वाढलं. ते त्याला गिळवेना. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही, ती त्याच्या शब्दावर किती सहज विसंबली याचं वाईट वाटत होतं.

४

पेग्रमच्या मालकीचा मिंगो ओढ्यावर जाळं धूत होता. म्हातारा माणूस, दोन्ही फेऱ्यांत कुऱ्हाड यानंच वाहिली होती. हद्दीचं झाड न् झाड त्याला पाठ होतं. पंचांना विचारलं तर तेही हळूच त्याच्याकडे बघायचे.

"मिंगो, खरं सांग," ड्रूरी म्हणाला. "तुझ्या मालकानं तुला खुणा करायला लावल्या?"

"खरं सांगू?" मिंगो जाळं पिळत म्हणाला. "सांगतो की. गुलामाची साक्ष कुठल्याच कोर्टात घेत नाहीत, साहेब. म्हणून मला खोटं बोलायचं काही कारणच उरलेलं नाही. मी नाही केल्या. आमच्या मालकानंही नाही. त्यांनी बघितल्या तेव्हापासून ते जेवतानाही दाराकडे तोंड करून बसतात."

"मग कुणी केल्या?"

"कुणी ते मी नाही विचारत. कुठे चाललेत ते बघतो." त्यानं ओल्या बोटानं झऱ्याकडे दाखवलं. "हद्द झऱ्यावरच्या पांढऱ्या ओकापाशी वळते आणि दक्षिणेला जाते. बरोबर? खुणा नाही गेल्या दक्षिणेला. ओकापाशी पोचल्या आणि तिथून सरळ. घराकडे."

"घराकडे कशाला जातील? घर काही हद्द आहे का?"

"ते तुम्ही मुखत्यार. तुम्हालाच माहीत." मिंगोनं जाळं खांद्यावर टाकलं. "अडीच वर्षं दर सोमवारी दुसऱ्या माणसाच्या नावानं बोलता, साहेब. मला तसं बोलायला भीती वाटली असती. एवढंच."

तो रविवार होता. टॅबिथा लेकीला घेऊन चर्चला गेली होती. ड्रूरी ओकापासून खुणांच्या मागे चालत गेला. सफरचंदाच्या झाडावर एक होती. मांस धुरवायच्या खोपीच्या खांबावर एक. घराच्या दाराच्या चौकटीवर नव्हती, आणि त्याला एवढं हलकं वाटलं की त्यानं दार ढकलून आत पाऊल टाकलं. मग मागे वळून बघितलं. खूण चौकटीच्या आतल्या अंगाला होती.

घर रिकामं होतं. चुलीत राखेखाली निखारा होता. बाराखडीची पाटी टेबलावर होती. माळ्याच्या जिन्याच्या खांबावर खूण. तिच्यापुढे झोपायच्या खोलीचं दार, उघडं. पलंगाच्या पायथ्याच्या खांबावर एक होती, आणि उशाच्या खांबावर, टॅबिथा ज्या बाजूला झोपायची त्या बाजूच्या, साल नसलेल्या, रंधा मारलेल्या पाइनच्या लाकडावर आणखी एक. त्यानं बोट लावलं. बोट ओलं झालं. वाळलेल्या पाइनमधून चीक येत नाही. आणि हा वास ओकाचा होता.

तो हिशेबी डोक्याचा माणूस. उभ्या उभ्या त्यानं विचार केला की हे सगळं टॅबिथाच करत असेल, दुःखानं माणसं झोपेत चालतात. पण तिला तर दुःख माहीतच नव्हतं. दुःख त्याच्या खिशात होतं.

त्याच्या बुटाशी काहीतरी पडलं. टप्. अगदी हलका आवाज. पांढरी ढलपी होती, तळहाताएवढी. त्यानं वर बघितलं. तुळया होत्या, तुळयांवर फळ्या होत्या, आणि काही नव्हतं.

त्या दिवशी त्याला सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. चर्चच्या वाटेवर त्यानं मायलेकींना गाठलंही. पण केझाया उड्या मारत आली आणि म्हणाली, "ड्रूरीकाका, आईनं सांगितलंय, फेरी झाली की झऱ्यावर मला माझी स्वतःची बाग!" टॅबिथा मागून हसत येत होती. तीनच दिवस राहिले होते. तीन दिवसांत काय होतं, असं त्याला वाटलं. पत्र खिशातच राहिलं.

५

बुधवारी सकाळी हिकरीपाशी सात-आठ माणसं जमली. पंचांमध्ये थोरला इझेकिएल मॉस. दुसरा त्याचा मेहुणा, जो मॉस बोलत असेपर्यंत कधी बोलत नसे, म्हणजे कधीच बोलत नसे. पेग्रम लांब उभा होता. त्याच्यामागे कुऱ्हाड घेऊन मिंगो.

मॉसनं चर्चची वही उघडली आणि ठरलेला प्रश्न विचारला. "टर्पिनांची हद्द. मालक हजर?"

"मुखत्यारामार्फत हजर," ड्रूरी म्हणाला.

"एक मिनिट," पेग्रम म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "हा मुखत्यार कुणाचा? जिवंताचा की मेलेल्याचा? दोन वर्षं पत्र नाही. त्यानं शपथेवर सांगावं."

"अरे, त्याला ठसका लागला तरी तुला वारसा दिसतो, स्टर्लिंग," मॉस गुरगुरला. "पण मागणी रास्त आहे. ड्रूरी, टाक हात बायबलवर आणि मोकळा हो."

ड्रूरीनं हात ठेवला. "अँब्रोझ टर्पिन जिवंत आहे," तो म्हणाला. आवाज कापला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

ते निघाले. झाडांवरच्या ताज्या खुणा बघून मॉस म्हणाला, "वा, आधीच करून ठेवलंस! आमचं काम हलकं केलंस, पोरा." ड्रूरीनं मान हलवली. मिंगोला एकदाही कुऱ्हाड उचलावी लागली नाही. गमच्या झाडापाशी मॉसनं पुन्हा विचारलं आणि ड्रूरीनं पुन्हा म्हटलं, "मुखत्यारामार्फत हजर."

झऱ्यावरच्या ओकापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. इथून टर्पिनांचं घर दिसत होतं, धुराडं, उघडं दार. टॅबिथा मागच्या अंगणात कपडे उकळत होती, त्याची वाफ छपराच्या वर येत होती. तिसरा आणि शेवटचा कोपरा. हा एक शब्द झाला की झरा केझायाचा होणार होता, जमीन टॅबिथाची होणार होती, आणि तो उद्या सकाळी रडत तिला सगळं सांगणार होता.

"मालक हजर?" मॉसनं विचारलं.

"हजर," ड्रूरी म्हणाला.

नुसतं 'हजर'. 'मुखत्यारामार्फत' राहून गेलं. जीभ वळली नाही, एवढंच. घाईत कुणाचंही होतं. तो लगेच सुधारणार होता, त्यानं तोंडही उघडलं.

घराच्या आतून ठक्, ठक् असा आवाज आला. मग थोडी जागा. मग ठक्.

आणि मग कुणीतरी म्हणालं, "हजर."

मोठ्यानं नाही. जेवायला बसलेला माणूस दारावरच्या हाकेला ओ देतो तेवढ्यानं. पण एवढ्या लांबून ते सगळ्यांना ऐकू आलं. एका कानानं बहिऱ्या मॉसलाही आलं.

"अरे, हा तर अँब्रोझ!" मॉस मांडीवर थाप मारून हसला. "आला होय? आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? मुखत्यार-मुखत्यार करत आमची चेष्टा करतोस?" त्यानं वहीत बोरू टेकवला आणि लिहिताना वाचत गेला. "तिसरी फेरी. हरकत नाही. मालक, स्वतः, हजर. झालं! पक्की झाली बाबांनो. चला, आता त्याच्या हातची सफरचंदाची सायडर पिऊ."

माणसं हसत, बोलत उताराला लागली. मिंगोनं कुऱ्हाड ओकाला टेकवून ठेवली आणि उलट दिशेनं चालू लागला. पेग्रमनं त्याला हाक मारली नाही.

६

ड्रूरी धावत सगळ्यांच्या पुढे गेला. टॅबिथा घराला वळसा घालून अंगणात येत होती, कोपरापर्यंत हात ओले, केस विस्कटलेले.

"ते लोक लांबून ओरडतायत," ती म्हणाली. "मॉस म्हणतात, हे आलेत. ड्रूरीभाऊ, हे आलेत?"

तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद ड्रूरीनं कधी बघितला नव्हता. दोन वर्षं चार महिने तो त्या घरात येत होता, पण तो आनंद त्याच्यासाठी कधीच नव्हता. ती दाराकडे वळली. त्यानं तिचा दंड धरला, आणि तिच्या खांद्यावरून आत बघितलं.

बाहेरच्या उन्हामुळे आत अंधारलं होतं. टेबलाशी कुणीतरी दाराकडे पाठ करून बसलं होतं, दोन्ही हात टेबलाखाली. समोर केझाया उभी होती, भिंतीला चिकटून, पाटी छातीशी धरून. ती रडत नव्हती. ती ड्रूरीकडे बघत होती, आणि पाठमोऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे केस असायला हवेत तिथे, तळहाताएवढी सपाट जागा होती, पांढरी आणि ओली. तिच्या कडा चारी बाजूंनी आत वळत होत्या.

एवढंच त्यानं बघितलं. मग त्यानं मान फिरवली.

"तो मेलाय," तो म्हणाला. मग ओरडला, "मॉस! तो मेलाय! ऑक्टोबरात! मी खोटी शपथ घेतली. हे बघा पत्र. फेरी खोटी आहे, खोडा ते! झरा देऊन टाका पेग्रमला, सगळं देऊन टाका, पण ते खोडा!"

माणसं कुंपणापाशी थांबली. कुणी हसत नव्हतं. मॉसनं पत्र घेतलं, लांब धरून वाचलं, घडी घातली. वही मात्र त्यानं काखेत आणखी घट्ट दाबली.

"ड्रूरी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी माझ्या कानानं ऐकलं. सात माणसांनी ऐकलं. तिसऱ्या फेरीनंतर खोडायची सोय नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हरकत घ्यायचीच असेल तर ती शेजाऱ्यानं घ्यायची." तो पेग्रमकडे वळला.

आठ वर्षं त्या झऱ्यासाठी जीव टाकणारा पेग्रम घराच्या उघड्या दाराकडे बघत होता. त्याचा रंग राखेसारखा झाला होता.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "मी कसलीच हरकत घेत नाही. त्याचं त्याला असू दे." आणि तो वाटेला लागला. बाकीचेही एकेक करून निघाले. शेवटी मॉसनं पत्र कुंपणाच्या खांबावर ठेवलं आणि तोही गेला.

टॅबिथानं ते घेतलं. तिला भराभर वाचता येत नसे. ती ओठ हलवत, एकेक शब्द लावत वाचत होती. ड्रूरी उभा राहून बघत होता. तिचे ओठ थांबले तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलं.

"ऑक्टोबर," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या टेबलाशी बसून मला सांगितलंत."

"तुमच्यासाठी केलं, टॅबिथाबाई. जमिनीसाठी. देवाशपथ, मला वाटलं—"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सावकाश. जड माणूस उठताना सरकते तसा.

"आई," केझाया आतून म्हणाली. "हे म्हणतायत, दार लावून घे."

टॅबिथाचा चेहरा पांढरा पडला. तिनं ड्रूरीकडे बघितलं, मग दाराकडे. तिला त्याच्याकडून काय हवं होतं ते त्याला अगदी स्पष्ट कळलं. दार दहा पावलांवर होतं. त्या घराचं सगळं त्यानं आजवर निस्तरलं होतं, तिच्या नवऱ्याच्या नावानं, तिच्या नवऱ्याच्या जागी. त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला नाही.

"माझी पोर आत आहे," टॅबिथा म्हणाली.

पत्र तिनं त्याच्या हातात परत दिलं, हात एप्रनला पुसले आणि आत गेली. तिनं दार लावून घेतलं. ड्रूरी अंगणात उभा राहिला.